द्रौपदी मुकी कधी होती?

रामायण-महाभारतातली एखादी बाई नव्या कादंबरीत ‘मी’ म्हणून बोलू लागली, की आपल्याकडे आठवड्याभरात दोन तट पडतात. एकीकडून ‘आमच्या श्रद्धास्थानांशी खेळ थांबवा’ असा दम भरला जातो, दुसरीकडून ‘हजारो वर्षं मुक्या ठेवलेल्या स्त्रीला अखेर आवाज मिळाला’ म्हणून हारतुरे. पुस्तक वाचलेले दोन्हीकडे मोजकेच. मलपृष्ठावरच्या चार ओळी पहिल्यांना तक्रारीला पुरतात आणि दुसऱ्यांना अभिनंदनाला. मग लेखिकेचं आडनाव, तिचं शिक्षण, ती कुठे राहते, कोणत्या भाषेत लिहिते, इकडे चर्चा घसरते आणि पुस्तक बाजूलाच राहतं.

माझी बाजू आधीच मांडते. अशी कादंबरी लिहावी की नाही, हा वादाचा मुद्दाच नव्हे. आपल्या परंपरेनं तो फार पूर्वी निकालात काढला आहे, आणि बहुतेक वेळा तो पुरुष कवींच्या सोयीनं निकालात निघाला आहे. वाद घालायचाच तर पुढच्या प्रश्नावर घालू: या कादंबऱ्यांमधली बाई मूळ काव्यातल्या बाईपेक्षा मोठी होते की लहान? मला दिसतं ते असं, की पुष्कळदा ती लहान होते. आणि हे म्हणायला विरोधक धजत नाहीत, कारण त्यांनी मूळ काव्य वाचलेलं नसतं. समर्थक म्हणत नाहीत, कारण त्यांना ते वाचायची गरज वाटत नाही.

आधी परवानगीचं बघू. शकुंतला आपल्या मनात आहे ती कालिदासाची: हरिणाच्या पाडसाला कुरवाळणारी, विरहात दुर्वासांची हाक न ऐकणारी, अंगठी हरवून बसलेली. महाभारताच्या आदिपर्वातली शकुंतला निराळी आहे. ती वाढत्या वयाच्या मुलाला हाताशी धरून थेट राजसभेत येते आणि दुष्यंताला त्यानं दिलेल्या वचनाची आठवण करून देते. तिथे शाप नाही, अंगठी नाही. दुष्यंताला सगळं आठवत असतं आणि तरीही तो ‘मला काही आठवत नाही’ म्हणतो. त्यावर ती रडत बसत नाही. ‘राजन्सर्षपमात्राणि परच्छिद्राणि पश्यसि’ असं ती त्याला तोंडावर सुनावते: दुसऱ्याचे मोहरीएवढे दोष तुला दिसतात, स्वतःचे बेलफळाएवढे दिसत असूनही दिसत नाहीत. कालिदासानं तिच्या तोंडी ‘अनार्य’ म्हणण्याइतका राग शिल्लक ठेवला, पण राजाची लबाडी शापाच्या खाती टाकून दिली. नाट्य म्हणून ती योजना अप्रतिम आहे, यात शंका नाही. पण पुराणकथेतली मूळ घटना बदलून एका पात्राला सोडवणं हा उद्योग कुणा आजच्या लेखिकेनं सुरू केलेला नाही, हेही त्यातून दिसतं. दुष्यंताची बाजू सावरून घेतली म्हणून कालिदासाला कुणी जाब विचारला? मग शकुंतलेची बाजू सावरणारीला कोणत्या तोंडानं विचारायचा?

बदल झाले ते सगळे कालिदासाच्या तोलाच्या कवींनी केले असंही नाही. लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही. ती नंतर आली, आणि आज ती आपल्या बोलण्यात इतकी मुरली आहे की बाईनं उंबरा ओलांडण्याविषयी बोलताना पहिला दाखला तिचाच दिला जातो. अहल्येची शिळा झाली ही कथाही वाल्मीकींची नव्हे. बालकांडात ती आश्रमात कुणाला न दिसता, वारा भक्षण करून, राखेत पडून तप करते. शिवाय तिथे इंद्राचा वेष तिनं ओळखलेला असतो. म्हणजे मूळ कवीनं तिला एक इच्छा आणि तिची जबाबदारी, दोन्ही दिली होती. पुढच्यांनी तिचा दगड करून टाकला. द्रौपदीचं तर विचारूच नका. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा ती ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ म्हणाली आणि त्यातून महायुद्ध पेटलं, असं शंभरातले नव्वद लोक शपथेवर सांगतील. मूळात हसतात ते भीम, अर्जुन आणि जुळे भाऊ. द्रौपदी बायकांसह हसली ही दुर्योधनानं बापाजवळ केलेली तक्रार आहे, आणि त्या तक्रारीतही हे वाक्य नाही. 1988 साली सुरू झालेल्या दूरदर्शनवरच्या मालिकेनं मात्र ते घरोघर नेलं. स्वयंवरात ‘मी सूताला वरणार नाही’ असं म्हणून तिनं कर्णाचा पाणउतारा केला, हा दुसरा आवडता पुरावा. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं 1919 ते 1966 अशी जवळपास अर्धशतकाची मेहनत करून, 1259 हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत हे वाक्य नाही. ते मागाहून शिरलेलं म्हणून तळटीपेत गेलं आहे.

कुलक्षयाचं खापर एका बाईच्या जिभेवर फोडणारी ही दोन वाक्यं. ती घुसडली गेली तेव्हा, आणि आजही ती कीर्तनात, मालिकेत, शाळेच्या स्नेहसंमेलनात बिनदिक्कत म्हटली जातात तेव्हा, मूळ संहितेचा विपर्यास होतो म्हणून कुणाच्या भावना दुखावल्याचं ऐकिवात नाही. बदल बाईच्या विरोधात गेला की ती परंपरा, बाजूनं गेला की छेडछाड, हा हिशेब मला पटत नाही.

आता विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा. तो असा: सीता ही कुणा कवीनं रचलेली नायिका एवढीच नाही. कोट्यवधी लोकांच्या रोजच्या जगण्यात ती देवता आहे, देवळात आहे, नावात आहे, लग्नाच्या गाण्यात आहे. ग्रीक कथेतल्या नायिकेवर युरोपात कुणी कादंबरी लिहिली तर तिची पूजा करणारं तिथे कुणी उरलेलं नाही. इथे आहे. म्हणून इथल्या लेखकावर जास्तीचं ओझं आहे. हे मी मान्य करते, आणि पुरोगामी मंडळी या मुद्द्याला हसण्यावारी नेतात ते मला खोटं वाटतं. ज्या माणसाला एखाद्या नावानं दुःखात धीर दिला, त्याला ते नाव वापरलेलं पाहून टोचणारच. पण मग हेही बघावं लागतं की त्याच श्रद्धाळू समाजानं त्या बाईला स्वतःच्या तोंडानं बोलू दिलं होतं की नाही. आपल्याच घरातलं उदाहरण घ्या. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाची 56 गीतं प्रसारित झाली. लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकत. त्यात गदिमांनी कैकेयीला ‘मोडू नका वचनास’ म्हणत बोलायला लावलं, शूर्पणखेला ‘कोण तू कुठला राजकुमार’ असं मोहानं गायला लावलं, आणि टाकून दिलेल्या सीतेला ‘मज सांग लक्ष्मणा, जाऊ कुठे’ असा प्रश्न विचारायला लावला. प्रत्येकीचं ‘मी’. त्या प्रश्नाला लक्ष्मणाकडे उत्तर नव्हतं आणि ऐकणाऱ्यांकडेही नव्हतं. श्रद्धेला त्यानं तडा गेला नाही. उलट सीतेच्या प्रश्नानं डोळ्यांत पाणी येणं हाच भक्तीचा भाग होता. श्रद्धा आणि सीतेची बाजू एकमेकींच्या आड येतात, हे गृहीतकच मुळात कच्चं आहे.

‘हा सगळा पाश्चात्त्य स्त्रीवाद’ हा आक्षेप त्याहून पातळ. जात्यावर बसलेल्या ज्या बायकांना अक्षरओळख नव्हती त्यांनी सीतेचा वनवास आपला सासुरवास करून गायला. त्यांच्या ओवीत अरण्यात कुणी रडतंय म्हणून बोरीबाभळीच बायका होऊन सीतेची समजूत काढायला येतात. राम त्या चित्रात कुठेच नसतो. सोळाव्या शतकात बंगालमध्ये चंद्रावतीनं रामायण रचलं त्यात युद्ध कोपऱ्यात गेलं आणि सीतेचं सुखदुःख मध्यभागी आलं. द्रौपदीच्या मनात कर्ण होता ही तर कादंबरीकारांची लाडकी कल्पना. तिच्यावर ‘घाणेरडी आधुनिक कल्पना’ म्हणून दरवेळी राळ उडते. राळ उडवणाऱ्यांनी जांभूळ आख्यान ऐकलेलं नसावं. शाहीर विठ्ठल उमपांनी ते रंगमंचावर गाजवलं, पण ते आपल्या लोककलावंतांचं जुनं धन. त्यात द्रौपदीला आपल्या मनातलं कर्णाविषयीचं आकर्षण सगळ्यांसमोर कबूल करावं लागतं आणि ती कबूल करते तेव्हा तुटलेलं जांभूळ परत झाडाला लागतं. लोकांनी त्यात हसून टाळ्या वाजवल्या. त्यांना द्रौपदी त्यामुळे हलकी झाली असं वाटलं नाही. आणि 1882 मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहितात तेव्हा त्या विचारतात, की सावित्री नवऱ्याचे प्राण आणायला यमाच्या दारापर्यंत गेली, बायकोसाठी त्या वाटेवर एक पाऊल टाकणारा पुरुष तुम्ही कुठे ऐकलाय का? हा प्रश्न त्यांना सुचायला परदेशातून कोणतं पुस्तक यायची गरज पडली होती?

बंदीच्या मागणीबद्दल एवढंच सांगते. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ 1907 साली रंगमंचावर आलं. सैरंध्री झालेली द्रौपदी म्हणजे नाडलेला देश, कीचक म्हणजे कर्झन, शांतपणे सहन करायला सांगणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि बल्लव झालेला भीम म्हणजे जहाल, हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होतं. विराटपर्वातली गोष्ट आपल्या काळाच्या कामाला जुंपण्याचा याहून उघड प्रकार सापडणार नाही. त्यावर 1910 मध्ये बंदी आणली ती इंग्रज सरकारनं. पुराणकथेचा वर्तमान अर्थ लावणाऱ्याला गप्प करावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपण कुणाच्या रांगेत उभे आहोत ते एकदा बघून घ्यावं.

इथवर वाचून दुसऱ्या तटावरची मंडळी खूश असतील. त्यांच्याशी माझं भांडण मोठं आहे, कारण त्यांच्याकडून अपेक्षा जास्त आहे.

‘मुक्या स्त्रीला आवाज दिला.’ कुठली मुकी स्त्री? वनवासाला निघताना राम एकट्यानं जायची भाषा करतो तेव्हा वाल्मीकींची सीता त्याला म्हणते, माझ्या बापाला जावई मिळाला तो पुरुषाच्या देहातली बाई आहे हे त्याला कळलं नव्हतं. (हे वाक्य आज कुठल्या कादंबरीत आलं तर लेखिकेला पोलीस संरक्षण घ्यावं लागेल.) दंडकारण्यात ती त्याला शांतपणे समजावते की वैर नसताना शस्त्र चालवणं हा दोष आहे आणि तो तुला चिकटू पाहतोय. लंकेत अग्निपरीक्षेच्या आधी ती म्हणते, एखादा सामान्य माणूस सामान्य बाईला बोलतो तसं तू मला का बोलतोस? गांधारी कृष्णाच्या तोंडावर त्याच्या कुळाच्या नाशाचा शाप देते. कुंती कृष्णाकरवी मुलांना निरोप धाडते तो विदुलेच्या कथेचा: धुमसत जगण्यापेक्षा क्षणभर पेटणं बरं. आणि द्रौपदी! द्यूतसभेत तिनं विचारलेला प्रश्न हा आक्रोश नाही, कायद्याचा मुद्दा आहे. आधी स्वतःला हरलेला माणूस दुसऱ्याला पणाला लावू शकतो का? भीष्म धर्म सूक्ष्म आहे म्हणून हात वर करतो, विदुर उत्तर द्या म्हणून सभेला विनवतो, कौरवांतला एकटा विकर्ण तिच्या बाजूनं निकाल देतो. प्रश्न अनुत्तरितच राहतो. मग धृतराष्ट्र वर माग म्हणतो तेव्हा ती दोन मागते, एकात युधिष्ठिर आणि दुसऱ्यात उरलेले चौघे सोडवते, आणि तिसरा नाकारते. वनपर्वात ती युधिष्ठिराशी वाद घालते तेव्हा विधात्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करते. मूल खेळण्यांशी खेळतं तसा तो माणसांशी खेळतो म्हणते. युधिष्ठिराला ते नास्तिकपणाचं बोलणं वाटतं आणि तो तसं म्हणतोही.

आता हीच द्रौपदी ‘तिच्या नजरेतून’ लिहिलेल्या कादंबरीत कशी भेटते? खिडकीशी बसलेली, मनात कढ दाबणारी, आपलं अस्तित्व शोधणारी, तीन प्रकरणं कर्णाच्या डोळ्यांत हरवलेली. सभेतला प्रसंग येतो तेव्हा लेखिकेचा सगळा जोर तिच्या वेदनेवर. तो कायद्याचा प्रश्न दोन ओळींत आटोपतो, कारण त्याची गुंतागुंत वाचकाला जड जाईल अशी भीती. म्हणजे ज्या बाईनं भर सभेत कुरुकुळातल्या वडीलधाऱ्यांना निरुत्तर केलं, तिला आवाज देण्याच्या नावाखाली तिचा युक्तिवाद काढून घेतला आणि हातात हुंदका दिला. याला मी लहान करणं म्हणते.

दुसरी खोड त्याहून वाईट. नायिकेचे दोष धुऊन काढायचे. मारीचाची हाक ऐकून सीता लक्ष्मणाला जायला सांगते, तो जात नाही, तेव्हा ती त्याच्यावर जो आरोप करते तो ऐकवत नाही: भाऊ मेला तर मी तुला मिळेन म्हणून तू थांबलायस. घाबरलेलं, एकटं पडलेलं माणूस सर्वांत निष्ठावान माणसाच्या काळजात सुरी कशी खुपसतं, हे वाल्मीकींनी दाखवून ठेवलंय. माझ्या मते सीतेला समजून घ्यायचं असेल तर हा प्रसंग सोन्याची खाण आहे. पण सहानुभूतीनं लिहिलेल्या कादंबऱ्या इथून पाय न वाजवता निघून जातात किंवा तोंडी लावण्यापुरता उल्लेख करतात. कैकेयीची नायिका केली की मंथरा खलनायिका होते किंवा दशरथ लंपट होतो. कुणाच्या तरी खात्यावर ती वजाबाकी मांडावीच लागते. बाईला माणूस करायचं म्हणता आणि माणसाला असतात ते दोष तिच्याकडून काढून घेता, मग देवी करणाऱ्यांत आणि तुमच्यात फरक काय उरला?

हे कर्णाच्या बाबतीत आपल्याकडे घडून गेलंय, म्हणून मला धास्ती वाटते. 1967 मध्ये ‘मृत्युंजय’ आली. शिवाजी सावंतांची शैली भारून टाकणारी, आणि रचना चतुर: कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि शेवटी कृष्ण, असे सहा जण बोलतात. पण सहाही जण एकाच अशिलाचे वकील आहेत. त्या पुस्तकानंतर मराठी वाचकाच्या दोन पिढ्यांना द्यूतसभेत द्रौपदीविषयी सर्वांत हीन वाक्य कुणी उच्चारलं, हे आठवेनासं झालं. त्याआधी 1959 साली खांडेकरांनी ‘ययाति’मध्ये कल्पित पात्रं आणि प्रसंग भरपूर घातले, आपल्या काळातल्या भोगलोलुप माणसाची गोष्ट सांगितली आणि 1974 चं ज्ञानपीठ मिळवलं. तेव्हा छेडछाडीची ओरड झाली नाही, ती न झालेली चांगलीच. पण एका पात्राचं वकीलपत्र घेतलं की बाकीच्यांवर अन्याय होतो, हा धडा त्या पुस्तकांतून घ्यायला हवा होता, आणि आजच्या लेखिका नेमकी तीच चूक दुसऱ्या बाजूनं करतायत.

मग मूळात सगळं आहेच, तर कादंबरीची गरज काय, असं कुणी विचारेल. गरज आहे, आणि ती कुठे आहे ते एका प्रसंगात दाखवता येतं. विचित्रवीर्य निपुत्रिक मेला. सत्यवतीनं सून अंबिकेला सांगितलं, आज रात्री तुझा दीर येईल, वाट बघ. दिवे जळतायत. अंबिका शेजेवर पडून विचार करतेय भीष्माचा आणि कुरुकुळातल्या इतर वीरांचा. म्हणजे येणार कोण, हे तिला सांगितलेलंच नाही. आणि आत येतो व्यास: काळा, पिंगट जटांचा, तापल्या डोळ्यांचा. ती डोळे मिटून घेते आणि मिटलेलेच ठेवते. म्हणून मुलगा आंधळा होतो, आणि आईच्या दोषामुळे तो आंधळा होणार, असं बाहेर येऊन सांगतो तो व्यासच. तिची बहीण अंबालिका भीतीनं पांढरी पडते, म्हणून तिचा मुलगा पांडू.

महाभारतानं हा प्रसंग मोजक्या श्लोकांत उरकलाय. काहीही लपवलेलं नाही: बाईला अंधारात ठेवलं, ती भ्याली, भ्याल्याबद्दल शिक्षा मुलाला मिळाली, आणि शिक्षा सांगणारा हाच या काव्याचा कर्ता मानला जातो. पण ती त्या रात्री काय समजली, सासूबद्दल तिला काय वाटलं, आंधळा मुलगा पहिल्यांदा मांडीवर घेतला तेव्हा तिनं स्वतःला दोष दिला का, याबद्दल अक्षर नाही. महाकाव्यातल्या बायका सभेत भरपूर बोलतात, शेजघरात महाकाव्य त्यांना सोडून पुढे जातं. कादंबरीला मोकळी जागा आहे ती तिथे. शिवाय इथे पुरुष वाईट आणि बाई बिचारी असं सोपं गणितही जमत नाही. हे घडवून आणते सत्यवती, जिनं स्वतः कुमारवयात होडीत पराशराला तोंड दिलेलं आहे. तिला माहीत नव्हतं का सुनेवर काय गुदरेल? की माहीत होतं म्हणूनच ती इतकी कोरडी झाली होती?

आणि खरी कसोटी पुढे आहे. सत्यवती अंबिकेला पुन्हा एकदा व्यासाकडे जायला सांगते. अंबिकेला ते रूप, तो वास आठवतो. ती स्वतः जात नाही. आपल्या दासीला आपले दागिने घालून, अप्सरेसारखी नटवून आत पाठवते. दासी उठून व्यासाचं स्वागत करते, तिला होणारा मुलगा विदुर. ज्या बाईला फसवून पाठवलं गेलं, ती दुसऱ्या बाईला पाठवते, आणि तिच्याजवळ तसं करायची सत्ता असते. दासीला विचारलं होतं का कुणी? व्यास प्रसन्न होऊन तिला दास्यातून मुक्त करतो हे काव्य सांगतं. तिचं नाव सांगत नाही. अंबिकेच्या दुःखावर कादंबरी लिहिणारीनं इथे अंबिकेला गुन्हेगार होऊ द्यायला हवं. नाहीतर तिनं अंबिका लिहिलीच नाही.

‘स्त्रीच्या दृष्टीतून’ म्हणताना ही स्त्री जवळजवळ नेहमी राणी का असते, हा प्रश्न मला इथे टोचतो. लाक्षागृहात पांडवांच्या जागी जळाली ती एक निषादी आणि तिचे पाच मुलगे. कुंतीनं घातलेल्या जेवणावळीला आले, प्याले, तिथेच झोपले; त्यांचे कोळसे झालेले देह सापडले म्हणून पांडव मेले असं जगाला पटलं. कुंतीचं मातृत्व, कुंतीची कर्णासाठीची तगमग यांवर आपल्याकडे शाईचे हौद रिकामे झालेत. त्या दुसऱ्या पाच मुलांच्या आईचं काय? महाश्वेता देवींनी तिच्या घरातली बाई वनवासी कुंतीसमोर उभी करून हिशेब मागितला, ती एक कथा शंभर आत्मनिवेदनांना पुरून उरते. त्या कथेत कुंतीचा अपमान आहे, असं म्हणणारा म्हणो. मला तिथे कुंती पहिल्यांदा पूर्ण दिसली.

आधुनिक मूल्यं प्राचीन पात्रांवर लादली जातात, या तक्रारीत तथ्य आहे, पण ती तक्रार धर्माची करू नका, साहित्याची करा. हस्तिनापुरातली राजकन्या समुपदेशकाच्या खोलीतल्या भाषेत बोलू लागली की ते पाप होत नाही, ते वाईट लेखन होतं. दर काळानं आपला काळ या कथांत ओतला आहे; प्रश्न तो मुरला की तरंगत राहिला एवढाच. इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ इथे मला अजून मोजपट्टी वाटतं. मानववंशशास्त्रज्ञ बाई, चिकित्सक आवृत्ती समोर ठेवून बसलेल्या. द्रौपदीवरच्या लेखाच्या शेवटी त्यांनाही मोह आवरत नाही. महाप्रस्थानात कोसळलेली द्रौपदी आणि मागे वळून तिच्याजवळ आलेला भीम, असा प्रसंग त्या रचतात. पण रचण्याआधी सांगून टाकतात की इथवरचं महाभारतातलं, पुढची ही माझी ‘नरोटी’, म्हणजे नारळाची रिकामी करवंटी, एकनाथांचा शब्द उसना घेऊन. इतकी प्रामाणिक सीमारेषा आखल्यावर तो प्रसंग कुणाला खटकला नाही, उलट ज्याला त्याला तोच लक्षात राहिला. अभ्यास आधी, कल्पना नंतर, आणि दोन्हींमधला सांधा उघडा. कादंबरीत असा सांधा दाखवता येत नाही हे मला कळतं. निदान लेखिकेला तो ठाऊक आहे एवढं पानापानातून जाणवावं.

अशा पुस्तकांची मराठीत समीक्षा होत नाही. होतात ते निषेध किंवा प्रकाशनसमारंभ. समीक्षकानं लेखिकेला विचारायला हवं की तू आदिपर्व वाचलंस का, तुझ्या नायिकेनं कुणाचं नुकसान केलं ते तू लिहिलंस का, तिच्या हाताखालच्या बायका कुठे गेल्या. हे विचारलं की ‘तुम्ही त्यांच्या बाजूचे का’ असं ऐकावं लागतं, म्हणून बरेच जण गप्प बसतात. तेवढ्यात पुढची कादंबरी येते. रामायणातली कुठली तरी राणी अजून शिल्लक असतेच, मुखपृष्ठावर तिचे अर्धवट झाकलेले डोळे असतात, आणि खप ठीक होतो. विदुराच्या आईवर कुणी लिहायला बसलं तर मूळातून हाती लागतील ते मोजके श्लोक, नावसुद्धा स्वतः ठेवावं लागेल, आणि मुकुट नसलेल्या बाईच्या पुस्तकाला प्रकाशक मिळवताना चपला झिजतील त्या वेगळ्याच.